पोथी ज्याची त्याने उघडावी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात, संकटात सापडलेल्या माणसाला पोथीचा आधार होतो का, या विषयावर एकापाठोपाठ दोन पत्रे प्रसिद्ध झाली. पहिल्या पत्रलेखकांचे म्हणणे असे होते की, महापूर, कर्ज आणि आजारपण यांनी पिचलेल्या माणसाला पारायणांत आणि प्रवचनांत गुंतवणे म्हणजे त्याला त्याच्या हक्काच्या मदतीपासून दूर ठेवणे होय. त्यांना उत्तर देणाऱ्या दुसऱ्या पत्रलेखकांनी सुचवले होते की, घरोघरचे ग्रंथवाचन बंद पडले म्हणूनच ही संकटे ओढवत आहेत. दोन्ही पत्रे मी दोन-दोनदा वाचली आणि दोन्ही मला पटली नाहीत. मी या विषयातली जाणकार नाही. माझे शिक्षण अकरावीपर्यंत झाले असून सांगलीच्या गावभागात मी पिठाची गिरणी चालवते. मात्र संकटात पोथी हाती धरण्याचा प्रसंग माझ्यावर आला, आणि तो ज्या रीतीने आला ती रीत या दोन्ही पत्रांत कुठेच बसत नाही, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करते आहे. पत्र लांबले आहे. काटछाट करण्याचा अधिकार आपला आहेच.

२०१८ च्या दिवाळीनंतर माझ्या यजमानांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले आणि पुढचे तीन महिने आमचे बिऱ्हाड जणू मिरजेलाच हलले. आठवड्यातून दोनदा, पुढे तीनदा, डायलिसिस असे. मशीन सुरू असताना नातेवाइकांना बाहेरच्या बाकावर बसावे लागे, आणि त्या बाकावर माझ्याशेजारी बहुधा एक ख्रिस्ती बाई असत. त्यांचा भाऊ आत असे. त्यांच्या पिशवीत काळ्या पुठ्ठ्याचे मराठी बायबल होते आणि त्या त्यातले स्तोत्रसंहितेचे भाग पुटपुटल्यासारखे वाचत. एके दिवशी मी विचारले, तेव्हा त्यांनी वाचत होत्या तो मजकूर मला दाखवला. मला वाटले होते की देवाची स्तुती असेल. प्रत्यक्षात तिथे भक्त देवाला जाब विचारत होता की, किती काळ, तू मला कायमचाच विसरलास का, आणि माझ्यापासून तोंड तरी किती दिवस लपवणार आहेस? धर्मग्रंथात अशी तक्रार छापलेली असते हे मला तोवर ठाऊक नव्हते. त्या बाई म्हणाल्या, "ताई, हे वाचलं की माझ्या मनातलं माझ्या आधीच कुणीतरी बोलून ठेवलंय असं वाटतं, मग मला निराळं ओरडावं लागत नाही." हे त्यांचे वाक्य मी पुढे बरीच वर्षे सांभाळून ठेवले आहे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये यजमान गेले. दहाव्या-बाराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले होते, आणि आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी, अर्थातच चांगल्या हेतूने, मला मनाच्या श्लोकांतला अकरावा श्लोक ऐकवला. 'जगीं सर्व सूखी असा कोण आहे, विचारें मना तूंचि शोधूनि पाहें' इथवर माझी काही हरकत नव्हती. उलट, जगात एकटीलाच हे दुःख आलेले नाही एवढे तरी त्यातून हाती लागत असे. पण सांगणारे तिथे थांबत नसत. 'मना त्वांचि रे पूर्वसंचीत केलें, तयासारिखें भोगणें प्राप्त जालें' हा पुढचा अर्धा श्लोक ते आवर्जून म्हणत आणि माझ्याकडे पाहून मान हलवत. म्हणजे या माणसाने, ज्याने आयुष्यभर कुणाच्या डब्यातले मूठभर पीठ इकडचे तिकडे केले नाही, त्याने हे कुठल्याशा जन्मी कमावले होते, आणि मीही. त्या दिवसांत मला तो श्लोक चपराकीसारखा लागे. समर्थांचाच राग आला होता, हे प्रामाणिकपणे सांगते.

पुढे कितीतरी दिवसांनी एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली. समर्थांनी हे दोनशे पाच श्लोक लिहिले ते स्वतःच्या मनाला हाक मारून. नमनाच्या पहिल्या श्लोकानंतर 'मना सज्जना' म्हणून सुरुवात आहे आणि जागोजागी 'मना, मना' असे संबोधन आहे. दुसऱ्याच्या दारी जाऊन 'तुझ्या नवऱ्याचे पूर्वसंचित' असे म्हणण्यासाठी ते श्लोक रचलेले नाहीत. ज्याच्यावर प्रसंग आला आहे त्याने रात्री अंथरुणावर पडून स्वतःच्या मनाला ते म्हणावे, त्याला ते सोसले तर सोसले, नाही तर पुढच्या श्लोकाकडे वळावे. तोच श्लोक बाहेरून कुणी आपल्यावर फेकला की त्याचा दगड होतो. माझे सगळे म्हणणे जवळजवळ एवढेच आहे, पण ते मला कसे उमगले हे सांगितल्याशिवाय त्याला वजन येणार नाही.

तुकोबांच्या अभंगांचेही असेच होते. उपचारांसाठी आम्ही एका खासगी सावकाराकडून कर्ज उचलले होते. यजमानांचा पहिला महिना झाल्यावर त्याचा वसुलीचा माणूस गिरणीत आला. मी दोन हप्त्यांची सवलत मागितली, तेव्हा तो गृहस्थ भिंतीवरच्या विठ्ठलाच्या तसबिरीकडे बोट करून म्हणाला, "वहिनी, 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' असं आपले तुकोबाच सांगून गेलेत, मन घट्ट करा," आणि हप्ता घेऊनच गेला. आज मला त्याचे हसू येते. कारण तुकोबा स्वतः सावकारी असलेल्या घरातले. १६३० च्या सुमारच्या भीषण दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, अब्रू गेली, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान, स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली' असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. आणि त्यानंतर त्यांनी काय केले? परंपरा सांगते की, लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते भावाबरोबर निम्मी वाटून घेऊन आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत बुडवली. वसुलीवाल्याला तुकोबांचा दाखला द्यायचाच असेल, तर त्याने हा द्यावा.

त्याच तुकोबांचा 'बरें जालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली' हा अभंग प्रवचनांतून वारंवार ऐकायला मिळतो. अभंग खराच आहे, पण 'बरे झाले' हे म्हणण्याचा अधिकार त्यांनी किती मोठी किंमत मोजून मिळवला होता, आणि तो त्यांनी फक्त स्वतःच्या दिवाळ्याबद्दल वापरला. गावातल्या दुसऱ्या एखाद्या उपाशी कुणब्याला 'बरे झाले तुझे' असे त्यांनी म्हटल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

आता पुराविषयी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या पुढे गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ चा पूर आम्ही पाहिला होता, त्यामुळे तेवढेच पाणी येईल या हिशेबाने मी गिरणीतली धान्याची पोती फळ्यांवर चढवून ठेवली, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक आणि मुलीची प्रमाणपत्रे एका पिशवीत घेतली आणि विश्रामबागेत चुलत दिरांकडे गेलो. हिशेब चुकला. त्या आठवड्यात ब्रह्मनाळला बचावाची नाव उलटली ती बातमी ऐकल्यावर आपण जिवंत बाहेर पडलो यावरच समाधान मानायचे ठरवले. पाणी उतरल्यावर परत आलो तेव्हा गिरणीत कमरेएवढ्या उंचीपर्यंत भिंतीला गाळ चिकटला होता, गव्हाला मोड येऊन आंबूस वास सुटला होता, दहा हॉर्सपॉवरची मोटर चिखलाने भरली होती आणि देवघराच्या कोनाड्यात, लाल बासनात, आत्यांची ज्ञानेश्वरी भिजलेल्या पावासारखी फुगून बसली होती.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्या २०११ साली गेल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. पोथी त्यांच्या माहेरची, खटाव तालुक्यातली, आणि ती त्या दुसऱ्याकडून वाचून घेत. पाणी वाढत असताना मला सगळे आठवले आणि तेवढी पोथीच आठवली नाही, याची बोच मोटरीच्या नुकसानीपेक्षा जास्त होती. तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांनी इंद्रायणीतून कोरड्या वर आल्या असे आपण मानतो. आमची पोथी काही तरली नाही. ती तिथल्या तिथे भिजली, आणि पुसून, वाळवून तिला पुन्हा उभी करणे माझ्या गळ्यात पडले.

हे काम कसे करतात ते मला कुणी शिकवले नव्हते. पाने एकमेकांना चिकटली होती. विणकामाची बोथट सुई घालून एकेक पान सोडवायचे, दोन पानांच्या मध्ये वर्तमानपत्राच्या रद्दीचा कागद घालायचा, असा बोटभर गठ्ठा झाला की त्यावर गिरणीचा झिजून बाद झालेला दगड ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी ओला झालेला कागद काढून कोरडा घालायचा. रद्दी चुलत दिरांकडची, बहुतेक आपल्याच वर्तमानपत्राची होती. दगडाच्या दाबाने तिची शाई पोथीला लागली आणि कितीतरी पानांच्या समासात बाजारभावाचे स्तंभ उलटे उमटले. आरशात धरले तर आजही वाचता येतात. एका ठिकाणी तर ओव्यांच्या अगदी कडेला हळदीचा क्विंटलचा भाव आहे.

मोटर रिवाइंडिंगला मिरजेला गेलेली, दगडांना टाकी लावणारा कारागीर दहा ठिकाणी अडकलेला, पंचनाम्याचा कागद कुठल्या टेबलावर आहे याचा पत्ता नाही. गिरणी जवळजवळ दोन महिने बंद होती. दिवस गाळ काढण्यात आणि खेटे घालण्यात जाई, रात्री झोप नसे, तेव्हा मी पाने सोडवत बसे. पान सोडवायचे तर ते फाटत नाही ना हे डोळ्यांजवळ धरून पाहावे लागते, आणि डोळ्यांजवळ धरलेले पान वाचले जातेच. अशा रीतीने मी आयुष्यात प्रथमच ज्ञानेश्वरी पहिल्या ओवीपासून अखेरपर्यंत वाचली. संकल्प नाही, नेम नाही, उद्यापन नाही. सुमारे नऊ हजार ओव्या, आणि त्यांतल्या निम्म्याअधिक मला खालच्या अर्थाशिवाय कळल्याही नाहीत.

पण पहिला अध्याय कळला. गीतेचा हा पहिला अध्याय लोक सहसा घाईने उलटतात, कारण त्यात तत्त्वज्ञान नाही, नुसते अर्जुनाचे रडगाणे आहे असे समजतात. मला मात्र त्यातच आधी आधार सापडला. या अख्ख्या अध्यायात भगवान श्रीकृष्ण किती बोलतात हे कुणी मोजून पाहावे: रथ उभा केल्यावर 'पार्था, हे जमलेले कौरव पाहा' एवढेच एक वाक्य. बाकी अर्जुनाचे अंग कापते, तोंडाला कोरड पडते, गांडीव हातातून गळते, तो कुलक्षयाच्या कारणांची लांबलचक माळ लावतो, शेवटी धनुष्यबाण टाकून मटकन खाली बसतो, आणि तोपर्यंत श्रीकृष्ण त्याला मध्येच तोडत नाहीत. दुसऱ्या अध्यायात ते एकदा कानउघाडणी करतात. अर्जुन तरीही 'मी लढणार नाही' म्हणून गप्प होतो. आणि खरा उपदेश सुरू होतो तो त्यानंतर, अकराव्या श्लोकापासून. शिवाय या रडण्याच्या अध्यायालाही 'अर्जुनविषादयोग' असे, म्हणजे योगाचेच नाव आहे. दहाव्याच्या आत मला पूर्वसंचित समजावून सांगायला आलेल्या सगळ्या मंडळींची मला त्या रात्री आठवण झाली, आणि खरे सांगायचे तर थोडे बरे वाटले.

त्याच अध्यायात ती भ्रमराची ओवी आहे. ती बहुतेकांना पाठ असेल, पण लिहिल्यावाचून राहवत नाही: 'जैसा भ्रमर भेदी कोडें, भलतैसें काष्ठ कोरडें, परि कळिकेमाजी सांपडे, कोंवळिये'. कसलेही वाळलेले लाकूड सहज पोखरणारा भुंगा कमळाच्या कोवळ्या कळीत अडकतो. प्राण गेला तरी ती पाकळी चिरणे त्याला जमत नाही. स्नेह हा असा कोवळेपणाने कठीण असतो. वाचता वाचता मी सुई खाली ठेवली. झाले असे होते की, सावकाराच्या माणसाशी मी भांडले होते, पंचनाम्यासाठी तीन कचेऱ्यांत चढ्या आवाजात बोलले होते, गुडघाभर गाळातून पोती ओढली होती, आणि यांपैकी कशानेही मी खचले नव्हते. पण यजमानांच्या चपला, ज्या पुराआधी दाराशी होत्या आणि पुरानंतर गिरणीच्या हॉपरखाली चिखलात सापडल्या, त्या टाकून देणे मला जमत नव्हते. एक तर सोलापासून सुटली होती. मुलगी म्हणे, "आई, अगं कुजल्यात त्या." मी त्या धुऊन पुन्हा दाराशी ठेवल्या होत्या आणि आपले डोके ठिकाणावर आहे का अशी मला स्वतःचीच शंका येत होती. ती ओवी वाचल्यावर शंका गेली. सातशे वर्षांपूर्वीच्या एका तरुणाला हे ठाऊक होते, आणि त्याने त्याला वेड म्हटले नव्हते. चपला आणखी काही महिने दाराशी राहिल्या. मग एके दिवशी मीच त्या नदीवर नेल्या.

पोथीतून बळ मिळते असे म्हणतात ते हेच असावे, निदान माझ्या बाबतीत तरी. कुठला चमत्कार झाला नाही, कर्ज फिटले नाही. आपल्याला जे होते आहे त्याला नाव आहे, आणि ते नाव आपल्याच भाषेत, ओवीत, फार पूर्वी कुणीतरी घालून ठेवले आहे, एवढे कळल्यावर माणूस सकाळी उठून फावडे हातात घेऊ शकतो. मिरजेच्या बाकावरच्या त्या बाई जे म्हणाल्या होत्या ते मला इथे पटले.

सगळेच पटले असे मात्र नाही. दुसऱ्या अध्यायात सुखदुःखांना 'आगमापायी' म्हटले आहे, म्हणजे येणारी आणि जाणारी, म्हणून ती सोसावीत. पूर पाहिलेल्या सांगलीकराला हा शब्द फोडून सांगावा लागत नाही. पण पाणी येते आणि जाते. गाळ आपण होऊन जात नाही. तो फावड्याने काढावा लागतो, ट्रॉलीत भरावा लागतो आणि ट्रॉलीचे भाडे द्यावे लागते. म्हणून पहिल्या पत्रलेखकांच्या म्हणण्यातला मदतीचा भाग मला शंभर टक्के मान्य आहे. फक्त पोथी त्या मदतीच्या आड येते हे त्यांनी कशावरून ठरवले, ते कळले नाही. समर्थांनी तर दासबोधात स्वच्छ म्हटले आहे, 'आधीं प्रपंच करावा नेटका, मग घ्यावें परमार्थविवेका', आणि प्रपंच सोडून परमार्थाला लागाल तर कष्टी व्हाल असे लगेच पुढे बजावले आहे. सज्जनगडावरचा हा सत्पुरुष अस्मानी आणि सुलतानी या दोन्ही संकटांच्या काळात वावरला होता. त्याला पोटाची चिंता ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल?

आमच्या आत्यांचेच उदाहरण देते. १९७२ च्या दुष्काळात माण-खटावात पाणी नाही, ज्वारी नाही, जनावरे सोडून द्यावी लागलेली, अशा वेळी त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. मिळणारी सुकडी आणि लाल मिलो ज्वारीची भाकरी यांची चव त्यांनी आम्हा सुनांना पुष्कळदा वर्णन करून सांगितली आहे. संध्याकाळी त्याच खडीच्या ढिगाऱ्यापाशी बायका हरिपाठ म्हणत आणि जनाबाईचे 'दळितां कांडितां, तुज गाईन अनंता' म्हणत. दळायला घरात काही नसताना म्हणत, हे विशेष. मी एकदा भोचकपणे विचारले होते की, आत्या, एवढ्या उपासमारीत अभंग सुचत तरी कसे होते? त्या म्हणाल्या, "आगं पोरी, अभंगानं भाकर मिळत न्हाय ह्ये काय आमास्नी कळत नव्हतं? भाकरीसाठनं खडी फोडत हुतो की. पर रात मोठी असायची." मजुरीचा आठवडा एक दिवस उशिरा झाला, तर मुकादमाला घेराव घालणाऱ्या बायकांत याच हरिपाठवाल्या पुढे असत, हेही त्यांनीच सांगितले आहे. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना या दुष्काळातून उभी राहिली, तिचा कायदा १९७७ साली झाला आणि तिचे जनक वि. स. पागे हे आपल्याच जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. मागेल त्याला काम हा हक्क ज्यांनी वापरला त्या बायाबापड्यांच्या ओठांवर काय होते, हे पहिल्या पत्रलेखकांनी त्या पिढीतल्या एखाद्या म्हातारीला, ती आहे तोवर, विचारून घ्यावे.

दुसऱ्या पत्राला उत्तर देणे मला जास्त अवघड जाते, कारण ते श्रद्धेने लिहिलेले आहे. पारायणे थांबली म्हणून पूर येतो असे त्यांना वाटते. मग औदुंबरला काय म्हणायचे? नरसोबाच्या वाडीला काय म्हणायचे? गुरुचरित्राचे वाचन जिथे वर्षानुवर्षे खंडलेले नाही, त्या दत्तस्थानांत कृष्णा दर पावसाळ्यात शिरते. वाडीला तर पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणून लोक त्या पाण्यात स्नान करतात. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर संगमेश्वर आहे, त्याचीही पुरातून सुटका नाही. प्रत्यक्ष देवाच्या पायांवरून जी नदी जाते, तिने माझी गिरणी तेवढी पारायणाचा हिशेब पाहून बुडवली, असे मानायला माझे मन घेत नाही. आणि असे कुणी मानले, की ज्याचे घर बुडाले तो पापी आणि ज्याचे उंचावर आहे तो पुण्यवान असा अर्थ आपोआप निघतो. विश्रामबागेत राहणारे आमचे चुलत दीर अत्यंत भले गृहस्थ आहेत, पण त्यांनी जागा घेतली ती उंच आणि त्या काळी स्वस्त होती म्हणून घेतली, हे त्यांनाही मान्य आहे.

आता मार्गदर्शनाविषयी थोडे. त्या दिवाळीत पुण्याहून मुलगा आला तो गिरणी विकून टाकून त्याच्याकडे राहायला येण्याचा आग्रह घेऊनच. भाऊबंदांचे मत पडले की विकू नये, शेजाऱ्यांचे पडले की विकावी, आणि एका नातेवाइकांनी तर पोथीचे कुठलेही पान उघडून जी ओवी येईल तो कौल समजावा असे सुचवले. माझी पाने सोडवण्याची मजल तेव्हा अठराव्या अध्यायापर्यंत आली होती. तिथे सातशे श्लोकांचा सगळा उपदेश संपवत आणल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात की, हे मी तुला सांगितलेले गुह्याहून गुह्य ज्ञान आहे, याचा पुरता विचार कर आणि मग तुझी इच्छा असेल तसे कर. 'यथेच्छसि तथा कुरु' हे शब्द मी पेन्सिलीने अधोरेखित केले. पोथीत रेघ ओढलेली आत्यांना खपली नसती. जो सर्व जाणतो त्याने विचार करण्याचे काम अर्जुनाकडेच ठेवले, तर मी कौल लावून ते चुकवणे बरे दिसले नसते. तीन रात्री वहीत जमाखर्च मांडला, मुलीच्या शिक्षणाची वर्षे मोजली, गिऱ्हाइकांपैकी किती परत येतील त्याचा अंदाज घेतला आणि गिरणी ठेवायचे ठरवले. मोटर मात्र दोन हात उंच चौथऱ्यावर बसवून घेतली. जुलै २०२१ मध्ये नदी पुन्हा आत आली तेव्हा त्याचा उपयोग झाला, आणि त्या वेळी पहिली वर गेली ती पोथी.

एवढे सगळे लिहिल्यावर, मी स्वतः दुसऱ्याच्या दुःखात काय करते, असे कुणी विचारील. यंदा आषाढात आमच्या मागच्या गल्लीतल्या एका बाईंचा ऐन पंचविशीतला मुलगा गेला. मी पोथी पिशवीत घालून निघाले होते, हे कबूल करते. इतके सगळे भोगूनही सवय जात नाही. दारात पोहोचल्यावर त्यांच्याकडे पाहिले आणि पिशवी उघडली नाही. बसून राहिले. दुसऱ्या दिवसापासून चौदा दिवस ज्वारीचे पीठ पोचते केले, कारण तेवढे मला येते. महिना उलटल्यावर एका संध्याकाळी त्याच गिरणीत आल्या, डबा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तुमच्याकडं आत्यांची ज्ञानेश्वरी होती ना, थोडे दिवस द्याल का? रात्री काही सुचत नाही." मी बासनासकट दिली. काय वाचा, कुठून वाचा, काहीही सांगितले नाही.

परवा त्या दळण न्यायला आल्या तेव्हा डोळे सुजलेलेच होते, पण पोथीविषयी त्यांना एक गोष्ट विचारायची होती. पहिल्या अध्यायात त्या भुंग्याच्या ओवीशेजारी समासात हळदीचा भाव उलटा का छापला आहे?

आपली नम्र,
एक वाचक,
गावभाग, सांगली